६३ की ६४? मोजताना 'काहीच नाही' धरायचं का?

आजचा भाग एका साध्या प्रश्नावर आहे. तुमच्यासमोर सहा वस्तू आहेत. त्यातून हव्या तेवढ्या निवडा. एक घ्या, दोन घ्या, नाहीतर सगळ्याच घ्या. अशी निवड किती प्रकारे करता येईल?

आता गंमत ऐका. एका जुन्या पुस्तकात या हिशोबाची दोन उत्तरं सापडतात. एका उदाहरणात ६३ आणि दुसऱ्या उदाहरणात ६४. पुस्तक एकच, लेखक एकच, आणि दोन्ही उत्तरं बरोबर आहेत! पुस्तकाचं नाव 'लीलावती', लेखक भास्कराचार्य, साल ११५०.

नववीच्या गणिताच्या पुस्तकात 'संच' हा धडा आठवतोय? त्यात एक वाक्य असतं : रिक्त संच हा प्रत्येक संचाचा उपसंच असतो. बहुतेक जण ते पाठ करतात आणि पुढे जातात. मला ते वाक्य कायम थोडं दादागिरीचं वाटायचं. ज्यात काहीच नाही, त्याला यादीत जागा कशाला? आजच्या भागात आपण त्या एका रिकाम्या जागेचा इतिहास बघू. म्हणजे ६३ आणि ६४ मधल्या त्या एकाचा.

आधी ६३ ची गोष्ट

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की त्यांचं गाव सह्याद्रीच्या परिसरातलं. आपल्या खानदेशाशी त्यांच्या घराण्याचं नातं तर दगडात कोरलेलं आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण म्हणून गाव आहे, पाटणादेवीचं. तिथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, आणि स्थानिक निकुंभ राजांनी त्याला देणगी दिली, असं त्यात लिहिलंय. लेख मुख्यतः संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग जुन्या मराठीत. बाजारातल्या मालावरचा काही वाटा मठाला द्यायचा, असा तो मजकूर. म्हणजे गणिताची शाळा चालायची ती पाटणच्या बाजारावर! एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांसमोर आणला.

तर 'लीलावती'त भास्कराचार्य एक प्रश्न विचारतात, जेवणाचा. गोड, तिखट, तुरट, आंबट, खारट, कडू असे सहा रस आहेत. एक-एक, दोन-दोन, तीन-तीन असे मिसळत गेलो, तर एका पदार्थाचे किती प्रकार होतील?

त्यांची रीत आजही कागदावर एका मिनिटात होते. वर उलटे आकडे लिहा : ६, ५, ४, ३, २, १. खाली सरळ लिहा : १, २, ३, ४, ५, ६. आता डावीकडून सुरुवात करा.

६ भागिले १ म्हणजे ६. हे एकाच रसाचे पदार्थ.
६ गुणिले ५ भागिले २, म्हणजे १५. हे दोन रसांचे.
१५ गुणिले ४ भागिले ३, म्हणजे २०. तीन रसांचे.
२० गुणिले ३ भागिले ४, म्हणजे १५. चार रसांचे.
१५ गुणिले २ भागिले ५, म्हणजे ६. पाच रसांचे.
६ गुणिले १ भागिले ६, म्हणजे १. सहाही रसांचा एक.

बेरीज करा. ६, १५, २०, १५, ६, १. झाले ६३.

ही रीत का चालते? दोन रस निवडायचे तर पहिल्यासाठी ६ पर्याय, दुसऱ्यासाठी उरलेले ५. झाले ३०. पण 'आंबट-गोड' आणि 'गोड-आंबट' हा एकच पदार्थ, तो दोनदा मोजला गेला. म्हणून भागिले २. पुढची प्रत्येक पायरी याच विचाराने जाते.

हा हिशोब भास्कराचार्यांच्याही आधीचा आहे, बरं का. आयुर्वेदातल्या सुश्रुतसंहितेत रसांचे हेच ६३ भेद मोजलेले आहेत. वैद्याला ते लागायचे, कारण औषध आणि आहार रसांवरून ठरायचा. सहाव्या शतकात वराहमिहिर 'बृहत्संहिते'त सुगंधी द्रव्यांबद्दल लिहितो : सोळा द्रव्यांतून चार निवडली तर १८२० प्रकार होतात. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा. १६ गुणिले १५ गुणिले १४ गुणिले १३, भागिले २४. बरोबर १८२०! नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. त्यांच्या 'गणितसारसंग्रह' या ग्रंथात कितीही वस्तूंमधून कितीही निवडायचा सर्वसाधारण नियम दिलाय.

वैद्य, अत्तरवाला, स्वयंपाकी. या सगळ्यांच्या मोजणीत एक गोष्ट सारखी आहे. 'एकही नाही' हा प्रकार कुणी मोजत नाही. का मोजावा? ज्यात एकही रस नाही, तो पदार्थच नाही. द्रव्याशिवाय अत्तर नाही. 'लीलावती'त राजवाड्याच्या आठ झरोक्यांचं उदाहरण आहे : एक उघडा, दोन उघडे, तीन उघडे, अशा किती तऱ्हा? उत्तर २५५. इथेही सगळे बंद ही तऱ्हा सोडली आहे. धरली असती तर २५६ झाल्या असत्या.

आता ६४ ची गोष्ट

त्याच 'लीलावती'त थोडं वेगळं उदाहरण येतं, गायत्री छंदाचं. गायत्रीच्या एका चरणात सहा अक्षरं. प्रत्येक अक्षर एकतर लघु, नाहीतर गुरू. मग चरणाचे प्रकार किती?

पुन्हा तीच रीत. एक गुरू असलेले ६, दोन गुरू असलेले १५, तीनवाले २०, चारवाले १५, पाचवाले ६, सहाही गुरू असलेला १. इथपर्यंत तेच ६३. पण इथे भास्कराचार्य आणखी एक मिळवतात : ज्यात एकही गुरू नाही, सगळी अक्षरं लघु आहेत, तो चरण. एकूण ६४. पुढे जाऊन चार चरणांच्या, म्हणजे चोवीस अक्षरांच्या, गायत्रीचे प्रकारही ते सांगतात : १,६७,७७,२१६.

का बरं मिळवला तो एक? कारण सगळी लघु अक्षरं असलेला चरण खरोखर असतो. तो म्हणता येतो, ऐकू येतो. 'एकही गुरू नाही' म्हणजे 'चरणच नाही' असं होत नाही.

मराठीत वृत्तं शिकताना आपण आठ गण शिकलो : य, म, त, र, ज, भ, न, स. प्रत्येक गणात तीन अक्षरं. पण गण आठच का? सात का नाहीत, नऊ का नाहीत? कारण तीन जागा, प्रत्येक जागी दोनच पर्याय. २ गुणिले २ गुणिले २, झाले ८. तिन्ही गुरू असले तर म गण, 'आकाशी' हा शब्द घ्या. तिन्ही लघु असले तर न गण, 'नमन' हा शब्द घ्या. आता 'गुरू नसलेला मोजायचा नाही' असं ठरवलं, तर न गण गेला! वृत्तांच्या पुस्तकातली कितीतरी पानं त्याच्याबरोबर गेली.

आता वडापावच्या गाडीवर या. पावात तीन गोष्टी घालायच्या की नाही ते तुम्ही ठरवता : गोड चटणी, हिरवी चटणी, लसणाची चटणी. किती तऱ्हेचे वडापाव? 'तिन्ही घाला' हा म गण. 'नुसता द्या' हा न गण. नुसता वडापावही वडापावच, गाडीवाला त्याचे पैसे घेतोच! म्हणून उत्तर ८. तीन चटण्यांच्या संचाचे उपसंच आठ, आणि 'नुसता' हा त्यातला रिक्त उपसंच.

उद्या गाडीवाल्याने चौथी चटणी आणली तर? आधीच्या आठपैकी प्रत्येक तऱ्हेचे दोन भाग पडतात, चौथी घालून आणि न घालता. झाल्या १६. पाचवी आणली की ३२. प्रत्येक नवी वस्तू आकडा दुप्पट करते. म्हणून n वस्तूंच्या संचाचे उपसंच २ चा n वा घात इतके. अकरावीत घात संच शिकताना 'घात' हा शब्द येतो, तो इथलाच.

पिंगळाची युक्ती

ही मोजणी छंदशास्त्रात पिंगळापासून आहे. त्याचा काळ साधारण इसवी सनापूर्वीचं दुसरं-तिसरं शतक मानतात. त्याच्या 'छंदःसूत्रा'त सगळे प्रकार क्रमाने कसे लिहायचे, म्हणजे प्रस्तार कसा मांडायचा, हे आहे. आणि न मांडता, नुसते किती ते कसं काढायचं, हेही आहे.

ती युक्ती सहा अक्षरांवर करून दाखवते. ६ सम आहे, अर्धे करा, ३ आले. बाजूला '२' लिहा. ३ विषम आहे, एक वजा करा, २ आले. बाजूला 'शून्य' लिहा. २ सम, अर्धे केले, १ आला. लिहा '२'. १ विषम, एक वजा, संपलं. लिहा 'शून्य'. आता खालून वर या, १ पासून सुरू करून. शून्य दिसलं की दुप्पट, दोन दिसले की वर्ग. १ ची दुप्पट २. २ चा वर्ग ४. ४ ची दुप्पट ८. ८ चा वर्ग ६४.

चोवीस अक्षरांसाठी २ ला २ ने चोवीस वेळा गुणत बसायची गरजच नाही. आजही संगणकावर मोठे घात काढताना हीच अर्ध्याची युक्ती वापरतात. आणि बघा, मोजणीच्या या युक्तीत 'शून्य' हा शब्द खूण म्हणून आलाय.

दहाव्या शतकात हलायुधाने पिंगळावर टीका लिहिली. त्यात मेरुप्रस्तार आहे, आकड्यांचा डोंगर. टोकाला १. त्याखाली १, १. त्याखाली १, २, १. मग १, ३, ३, १. प्रत्येक आकडा म्हणजे वरच्या दोन शेजाऱ्यांची बेरीज. युरोपात हाच त्रिकोण पास्कलच्या नावाने ओळखतात. पास्कलचा त्यावरचा ग्रंथ १६६५ मध्ये छापला गेला.

सहा अक्षरांची ओळ अशी येते : १, ६, १५, २०, १५, ६, १. सुरुवातीचा १ दिसला? तो म्हणजे 'एकही नाही'. आता समजा, स्वयंपाक्याच्या हट्टाने आपण तो १ खोडला. मग खालच्या ओळीतले ७ येणार कुठून? १ अधिक ६ म्हणजे ७. तो १ नसेल तर बेरीज जमत नाही, आणि त्याखालची प्रत्येक ओळ चुकत जाते. म्हणजे छंदवाल्यांना तो एक लागत होता तो नुसत्या व्यवहारासाठी नाही. तो नसेल तर नियमच कोसळतो.

मला वाटतं, या दोन परंपरांमधला फरक इथे आहे. पदार्थ मोजणारा माणूस हातात काय आहे ते मोजतो. छंद मोजणारा माणूस प्रत्येक जागेला 'हो की नाही' असा प्रश्न विचारतो आणि उत्तरं मोजतो. सहा वेळा 'नाही' हेसुद्धा एक पूर्ण उत्तर आहे.

मग संच आले

'संच' आणि 'उपसंच' या आजच्या कल्पना मात्र एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातल्या. जर्मनीतल्या हॅले शहरात गेऑर्ग कॅंटर नावाचा गणिती होता. त्याने १८९१ मध्ये एक जबरदस्त युक्तिवाद मांडला. त्यातून निघणारी गोष्ट अशी : कुठल्याही संचात जितके घटक असतात, त्यापेक्षा त्याचे उपसंच नेहमी जास्तच असतात. संच अनंत असला तरीही!

हे फोनवरच समजून घेऊ. एका सोसायटीत प्रत्येक सभासदाने आपापल्या नावाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला. त्यात सोसायटीतल्या कुणालाही घ्या किंवा घेऊ नका, स्वतःलाही घ्या किंवा घेऊ नका. आता एक यादी करा : जे जे सभासद आपल्याच नावाच्या ग्रुपमध्ये नाहीत, त्यांची. या यादीएवढाच ग्रुप कुणाच्या नावाने असू शकेल का? समजा, शेजारच्या काकूंच्या नावाचा ग्रुप म्हणजे हीच यादी. मग काकू त्या ग्रुपमध्ये आहेत का? असतील, तर त्या यादीत बसत नाहीत. नसतील, तर त्यांनी यादीत असायला हवं. दोन्हीकडून फजिती! म्हणजे ही यादी कुणाच्याच नावाच्या ग्रुपशी जुळत नाही. सभासद कितीही असोत, एक तरी उपसंच उरतोच.

आता आपला आजचा प्रश्न विचारा. समजा, सगळ्यांनीच आपापल्या ग्रुपमध्ये स्वतःला घेतलंय. मग ती उरलेली यादी कोणती? रिकामी! एकही नाव नसलेली. म्हणजे रिक्त उपसंच धरला नाही, तर कॅंटरचा युक्तिवाद इथेच अडतो. एकच घटक असलेला संच घ्या. रिक्त सोडून उपसंच किती? एकच. घटकही एक, उपसंचही एक, जास्त कुठे झाले? रिक्त धरला की दोन होतात आणि नियम खरा ठरतो. अगदी रिक्त संचाला लावून बघा : घटक शून्य, उपसंच एक, तो स्वतः. २ चा शून्यावा घात १. हिशोब जुळला.

तरीही गणितींना हे पचायला वेळ लागला. १९०८ मध्ये अर्न्स्ट झर्मेलो याने संचांचे मूळ नियम लिहून काढले. कुठल्याही संचाच्या सगळ्या उपसंचांचा मिळून संच असतो, हा त्यातला एक नियम. रिक्त संच असतो, हाही नियम त्याला वेगळा सांगावा लागला. आणि तो सांगताना त्याने कंसात शब्द टाकला : 'खऱ्या अर्थाने संच नसलेला'. म्हणजे आत तर घेतलं, पण जरा नाक मुरडून!

रिक्त संचाची खूण आठवते ना, गोलावर तिरकी रेघ? ती त्यानंतर आली. फ्रान्समध्ये काही तरुण गणिती 'बूर्बाकी' या एकाच टोपणनावाने पुस्तकं लिहीत होते. त्यांच्या १९३९ च्या पुस्तकात ती वापरली आहे. त्यांच्यातला आंद्रे वेय याने ती नॉर्वेजियन लिपीतल्या एका अक्षरावरून सुचवली. शून्यासारखी दिसते, पण शून्य नाही.

मग रिक्त संच प्रत्येकाचा उपसंच का? उपसंच म्हणजे ज्याचा प्रत्येक घटक मोठ्या संचात आहे असा संच. एखादा संच उपसंच नाही असं म्हणायचं, तर पुरावा लागतो : यातला हा घटक बघा, तिकडे नाही. रिक्त संचातून असा घटक काढून दाखवा. दाखवता येत नाही, कारण घटकच नाही. पुरावा नाही, तर आरोप रद्द.

सहा टिंबं

आता शेवटचं उदाहरण, आणि ते पुन्हा सहाचंच. लुई ब्रेल हा फ्रेंच माणूस लहानपणी दृष्टी गमावून बसला. १८२९ मध्ये, वयाच्या विशीत, त्याने बोटांनी वाचायची लिपी प्रसिद्ध केली. आज तिच्या प्रत्येक घरात सहा टिंबांच्या जागा असतात. टिंब उठलेलं किंवा सपाट. एक टिंब उठलेली चिन्हं ६, दोनवाली १५, तीनवाली २०, मग १५, ६, १. ओळखीचे आकडे! एकूण ६३. मराठीसकट आपल्या भाषा भारती ब्रेलमध्ये याच ६३ चिन्हांतून लिहिल्या जातात.

आणि चौसष्टावं? सहाही जागा सपाट. बोटाला काहीच लागत नाही. ते घर म्हणजे दोन शब्दांमधली मोकळी जागा. ते काढून टाका आणि वाचायचा प्रयत्न करा. सगळे शब्द एकमेकांना चिकटतील, कुठला कुठे संपला ते कळणार नाही. काहीच नसलेलं घर बाकीच्या ६३ ना अर्थ देतं.

तर मंडळी, ६३ की ६४? मी तरी एका बाजूने कौल देणार नाही. भास्कराचार्यांनीही दिला नाही. त्यांनी प्रत्येक वेळी आधी पाहिलं की आपण काय मोजतोय. ताटातला पदार्थ असेल तर रिकामा सोडा. वृत्ताचा चरण असेल तर धरा. परीक्षेत 'सर्व उपसंच' म्हटलं असेल तर २ चा n वा घात लिहा. 'रिक्त नसलेले उपसंच' किंवा 'किमान एक निवडा' म्हटलं असेल तर त्यातून १ वजा करा. सूत्र लिहायच्या आधी प्रश्नातला तो एक शब्द शोधा. गुण तिथेच जातात.

आणि परीक्षेबाहेरही हा प्रश्न विचारून बघा. मतपत्रिकेवर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण आपल्याकडे २०१३ पासून आलं. निवड न करणं हीसुद्धा निवड धरायची का, हा प्रश्न तिथेही होताच.

आज जेवताना ताटातले रस मोजा, आणि किती सापडले ते कमेंटमध्ये लिहा. सहाही सापडले तर स्वयंपाक करणाऱ्याला माझा नमस्कार सांगा. भेटू पुढच्या भागात!